छाट : दूरसंचार नियामकांना निपाणीहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

विषय : डीटीएचच्या ऑफरमधील पात्रतेच्या अटी, बारीक अक्षरे आणि पिनकोडवरून ठरणारी ग्राहकाची भाषा

महोदय,



मी निपाणीत राहतो. तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, आता घरीच असतो. पत्त्याच्या शेवटी ५९१२३७ लिहावे लागते. एरवी हा आकडा आपल्याला सांगण्याचे काही कारण नव्हते. पण गेल्या दिवाळीत या सहा आकड्यांनी आमच्या घराची भाषा परस्पर ठरवून टाकली, म्हणून आधी तोच सांगून ठेवतो.

माझी थोरली बहीण कागलला दिली आहे. निपाणीपासून कागल वीसेक किलोमीटर. मध्ये कोगनोळीचा टोलनाका लागतो आणि तो मागे पडला की थोड्याच वेळात कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू होतो. आमच्याकडे मुली तिकडे जातात, सुना तिकडून येतात, त्यामुळे ही हद्द आम्हाला मुख्यतः एसटीच्या पाटीवर आणि दुकानांच्या फलकांवरच दिसते. भाऊबीजेला बहीण आली ती कागलच्या बाजारात वाटलेले एक पत्रक घेऊन. गुळगुळीत कागद, लालपिवळी अक्षरे, सगळा मजकूर मराठीत. नवीन कनेक्शन, बॉक्स मोफत, छत्री मोफत, जोडणी मोफत, पहिला महिना मराठी पॅक मोफत. सगळे मिळून फक्त ९९९ रुपये.

आईचे वय ऐंशीच्या पुढे. पावसाळ्यात गल्लीतली केबल बंद पडली ती पडलीच, आणि संध्याकाळच्या मालिका गेल्यापासून आई दिवेलागणीलाच अंथरुणाला पाठ टेकू लागली होती. मी पत्रकावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या मुलीने नाव विचारले, मोबाइल नंबर विचारला आणि मग पिनकोड. मी सांगितला. थोडा वेळ कळफलकाची टकटक ऐकू आली.

"सर, तुमच्या एरियाला ही ऑफर नाही. तुम्हाला कर्नाटकाचा पॅक बसेल."

"पण मला मराठी वाहिन्या हव्या आहेत."

"त्या मिळतील सर, वेगळ्या घ्याव्या लागतील. ऑफरमध्ये नाहीत."

"पत्रक तर मराठीत आहे."

"पिनकोड कर्नाटकाचा आहे, सर."

त्या मुलीचा दोष नाही. तिच्यासमोरच्या पडद्यावर जे आले ते तिने वाचले. मी तरीही त्या पॅकला होकार दिला, कारण प्रश्न आईच्या संध्याकाळचा होता. दुसऱ्या दिवशी एक पोरगा आला, गच्चीवर चढला, आग्नेयेकडे तोंड करून छत्री बसवली, टॅबवर माझी बोटाने सही घेतली आणि गेला. सही कशावर केली ते मला दिसले नाही. पडदा वर सरकत होता, पोरगा घाईत होता, मजकूर इंग्रजी होता.

महिन्याने दुसरा धक्का बसला. नवीन ग्राहकाची सवलत रद्द झाल्याचा मेसेज आला. चौकशी केली तेव्हा कळले की या पत्त्यावर पूर्वी वडिलांच्या नावाने याच कंपनीचे कनेक्शन होते, म्हणून मी 'नवीन' ठरत नाही. वडील जाऊन सहा वर्षे झाली. तहसील कार्यालयाने, बँकेने, रेशन दुकानाने त्यांचे नाव कमी केले. या एका दप्तरात मात्र ते अजून ग्राहक आहेत, आणि त्यांचा मुलगा त्यामुळे अपात्र.

मग मी ते पत्रक पुन्हा काढले. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या मित्राकडून डोळ्याला लावायचे भिंग आणले आणि ओसरीवर उन्हात बसलो. 'फक्त ९९९' हे शब्द माझ्या अंगठ्याएवढे. त्यांच्या खांद्यावर एक चांदणी. त्या चांदणीची जोडीदार पानाच्या तळाशी, घडीच्या रेघेवर सापडली. तिच्यापुढे नऊ ओळी होत्या. ज्वारीचा दाणा ठेवला तर त्याखाली तीन अक्षरे झाकली जात. वरचा सगळा मजकूर मराठी आणि या नऊ ओळी तेवढ्या इंग्रजी. ऑफर निवडक भागांपुरती. नवीन ग्राहकांपुरती, नवीन म्हणजे त्या पत्त्यावर वा त्या नंबरवर आधी कधीही कनेक्शन नसलेला. कर वेगळा. बॉक्सची मालकी कंपनीकडे. मोफत महिन्याचे पैसे हप्त्याहप्त्याने खात्यात जमा होणार, तेही रिचार्ज न चुकवल्यास. बदलाचा अधिकार कंपनीकडे राखीव.

मी एकेक ओळ आईला मराठीत करून सांगितली. आईने चाळीस वर्षे विड्या वळल्या आहेत. निपाणीत हे घरोघरचे. वळलेल्या विड्या कारखान्यात नेल्या की मोजणी व्हायची, आणि तपासणारा मनाला येईल तेवढ्या खराब म्हणून बाजूला काढायचा. त्याला 'छाट' म्हणत. छाटलेल्या विड्यांची मजुरी नाही; विड्या मात्र कारखान्यातच राहायच्या. आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ही तर छाटच की रं. आमच्या वक्ताला निदान डोळ्यांम्होरं काढायचे."

महोदय, यापेक्षा नेमकी व्याख्या मला सुचत नाही. म्हणून या पत्राला मी तेच नाव दिले आहे.

आता या छाटीतली जी गोष्ट फक्त आमच्यासारख्या हद्दीवरच्यांच्या वाट्याला येते, ती आधी मांडतो. टीव्हीचा संकेत जमिनीवरून येत नाही. तो विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर स्थिर दिसणाऱ्या उपग्रहावरून येतो. इस्रोने बांधलेला जीसॅट-२४ हा उपग्रह जून २०२२ मध्ये फ्रेंच गयानातील कुरूहून सोडला गेला. त्याची सगळी क्षमता एका खासगी डीटीएच सेवेसाठी भाड्याने दिली आहे आणि त्याचा झोत साऱ्या भारतावर पडतो. कागलच्या गच्चीवरची छत्री आणि निपाणीच्या गच्चीवरची छत्री एकाच दिशेला तोंड करून एकाच झोतात भिजत असतात. मराठी वाहिनी आमच्या छतावर आधीच उतरलेली असते. बॉक्समधली चावी तेवढी लावायची असते. ती कोणत्या दराने आणि कोणत्या सवलतीसह लागेल, हे मात्र पिनकोड ठरवतो.

या पिनकोडची कथाही ऐकण्यासारखी आहे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते, संस्कृतचे पंडित आणि कवी. देशात अनेक भाषा, अनेक लिप्या आणि एकाच नावाची कितीतरी गावे. पत्ता कोणत्याही लिपीत लिहिलेला असला तरी पत्र योग्य घरी पोचावे, हा त्यामागचा हेतू. भाषेची अडचण दूर करण्यासाठी काढलेला आकडा आज ग्राहकाची भाषा ठरवण्यासाठी वापरला जातो. ५९ ने सुरू झाला तर कन्नड, ४१ ने सुरू झाला तर मराठी, इतका सोपा हिशोब.

माणसे अशी राहत नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव, निपाणी, खानापूरचा हा पट्टा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल न्यायालय देईल, मी त्यावर इथे एक अक्षर लिहिणार नाही. मला सांगायचे आहे ते घरातल्या रिमोटबद्दल. बेळगावच्या एका गल्लीत चार दारे असतील तर एका दाराआड मराठी, दुसऱ्याआड कन्नड, तिसऱ्याआड कोकणी, चौथ्याआड उर्दू बोलली जाते, आणि संध्याकाळी एकमेकांच्या मालिकांची गाणी सगळ्यांनाच ऐकू येतात. आमची आई शेजारच्या अक्कांकडे बसून कन्नड मालिकाही बघते आणि त्यातल्या सासूला मराठीतून शिव्या देते.

आणि हे गाऱ्हाणे एकट्या मराठीचे नाही. जत आणि अक्कलकोटच्या कन्नड घरांचा पिनकोड महाराष्ट्राचा आहे. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलणारी विणकरांची घरे आहेत. राज्यावरून भाषा ठरवली तर त्या घरांची हीच गत होणार. गावातला केबलवाला हा प्रश्न कधी पडू देत नसे, कारण कोणत्या घरात काय लागते ते त्याला पाठ असे. ते ज्ञान कंपनीच्या संगणकाला नसते. त्याने निदान विचारावे तरी.

आता आपल्या दाराशी येतो. प्रसारणाचा हा कारभार २००४ मध्ये आपल्या प्राधिकरणाकडे आला. आपले मार्च २०१७ चे दरआदेश आणि विनियम फेब्रुवारी २०१९ मध्ये आमच्या घरात पोचले, तेव्हा मी वर्गात त्यावर उदाहरण घातले होते. नेटवर्क कपॅसिटी फी १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २३ रुपये ४० पैसे, म्हणजे एकही सशुल्क वाहिनी न घेता बिल १५३ रुपये ४० पैसे. मुलांना गंमत वाटली की टीव्ही न बघण्याचेही पैसे पडतात. पण त्या पद्धतीत एक गोष्ट फार चांगली होती : प्रत्येक वाहिनीची छापील किंमत जाहीर झाली आणि एकेक वाहिनी सुटी निवडण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. या हक्कामुळेच आईला आज मराठी वाहिन्या दिसतात, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. हक्क सुटी वाहिनी घेण्याचा आहे. सवलत मात्र पॅकला आहे आणि पॅक प्रदेशाला बांधलेला आहे. फट नेमकी तिथे आहे.

जुलै २०२४ च्या दुरुस्तीने ती फट रुंद झाली. आपण नेटवर्क कपॅसिटी फीवरची कमाल मर्यादा उठवली आणि वाहिन्यांची संख्या, प्रदेश, ग्राहकांचा वर्ग यांनुसार ती वेगवेगळी आकारण्याची मोकळीक दिली. जोडणी आणि सुरुवातीच्या आकारावरची मर्यादाही काढली. दर जाहीर करावेत आणि ग्राहकाला कळवावेत, अशी अट मात्र ठेवली. स्पर्धा आहे, बाजार आपले आपण बघेल, हा त्यामागचा विचार मी समजू शकतो. पण 'प्रदेश' म्हणजे काय? राज्य, जिल्हा, तालुका, की पिनकोडचे पहिले दोन आकडे? आणि 'कळवणे' म्हणजे काय? संकेतस्थळाच्या सहाव्या पानावर ठेवणे की सही करण्यापूर्वी माणसाच्या हातात देणे? कंपनी आपल्या सोयीची उत्तरे घेणार, कारण प्रश्न मोकळे सोडले आहेत.

आपण म्हणाल, फसव्या जाहिरातींसाठी दुसरा कायदा आहे. आहे, आणि चांगला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात लिहिले आहे की जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत त्याचा खुलासा हवा. दाव्याचा जो टंक तोच खुलाशाचा. आणि महत्त्वाची माहिती खुलाशाआड लपवता येणार नाही. 'मोफत' या शब्दावरही बंधन आहे : प्रतिसाद देण्याचा आणि वस्तू आणण्याचा वा पोचवण्याचा अटळ खर्च सोडून ग्राहकाला आणखी काही मोजावे लागत असेल तर त्या वस्तूला मोफत म्हणता येत नाही. माझ्या हातातले पत्रक या कसोट्यांवर उभे करा. वर मराठी, खाली इंग्रजी. वर अंगठा, खाली ज्वारी. मोफत, पण ९९९ रुपये.

'मोफत'चे गणित किती लांबते याचा जाहीर नमुना २०१८ चा आहे. त्या मार्चमध्ये रिलायन्स बिग टीव्हीने वर्षभर मोफत वाहिन्यांची योजना आणली. नोंदणीला ४९९ रुपये, बॉक्स बसवताना १,५००, मग मोफत वर्ष संपल्यावर दोन वर्षे दरमहा ३०० चे रिचार्ज केले तर सुरुवातीचे पैसे परत, आणि तेही रिचार्जच्या रूपात. सहावीतल्या मुलाला घातले तर तो बेरीज करून सांगेल : ७,२०० आणि १,९९९ मिळून ९,१९९ रुपये घरातून गेल्यावर मोफतपणा पुरा होतो. अटी जाहीर होत्या, मान्य. पण लोकांच्या तोंडी एकच शब्द राहिला, फुकट.

मग मी ग्राहक आयोगात का गेलो नाही? कायद्याने मी राहतो तिथल्या, म्हणजे बेळगावच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो. करारात मुंबई वा दिल्लीचे न्यायक्षेत्र लिहिले असले तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. पण काहीशे रुपयांच्या सवलतीसाठी तारखांना बेळगावला हेलपाटे घालायचे तर एसटीचे तिकीटच सवलतीच्या वर जाते. कंपनीला हे गणित माझ्याआधी येते. आणि आपले प्राधिकरण एकट्यादुकट्या ग्राहकाची तक्रार चालवत नाही, नियम करते. म्हणूनच हे पत्र तक्रारीचे नाही, नियमासाठी आहे.

नंतर भांडून काय होते याचा धडा अमेरिकेने घेतला आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०१५ मध्ये डायरेक्टीव्ही या उपग्रह टीव्ही कंपनीवर दावा लावला. स्वस्त दर बारा महिन्यांचा, करार मात्र चोवीस महिन्यांचा, आणि दुसऱ्या वर्षाची दरवाढ ठळकपणे सांगितलेली नाही, असे कमिशनचे म्हणणे. सरकारी वकिलांची फौज असूनही २०१८ मध्ये न्यायालयाने दाव्याचा मोठा भाग फेटाळला आणि कमिशनने तो सोडून दिला. पुढे २०२४ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने साधा मार्ग धरला : केबल आणि उपग्रह टीव्हीच्या जाहिरातीत आणि बिलात वाहिन्यांचा एकूण खर्च एकाच ठळक आकड्यात दाखवायचा. युरोपीय संघात दूरसंचार सेवेचा करार करण्यापूर्वी सारांश हातात द्यावा लागतो; एका सेवेसाठी तो ए-फोर कागदाच्या एका बाजूत मावला पाहिजे आणि अक्षर दहा पॉइंटांपेक्षा लहान चालत नाही.

एवढे लांबही जायला नको. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी मुख्य तथ्यांचे पत्रक सक्तीचे केले, आणि ते कर्जदाराला समजेल त्या भाषेत असावे असे म्हटले. शब्द पाहा : कर्जदाराला समजेल त्या भाषेत. राज्याच्या भाषेत नव्हे, बँकेच्या भाषेत नव्हे. कर्ज घेणाऱ्यासाठी जे करता आले ते टीव्ही घेणाऱ्यासाठी का करता येऊ नये?

माझ्या मागण्या चारच आहेत.

पहिली, सही वा ओटीपी घेण्यापूर्वी एका पानाचा तक्ता ग्राहकाच्या हातात वा मोबाइलवर द्यावा. त्यात आज किती, दरमहा करासह किती, सवलत संपल्यावर किती, बॉक्स कुणाचा आणि मध्येच सोडल्यास काय, एवढेच. दुसरी, हा तक्ता ग्राहक मागेल त्या भाषेत असावा. अर्जात भाषेचा रकाना ठेवा आणि तो ग्राहकालाच भरू द्या. तिसरी, पात्रतेच्या अटी, म्हणजे 'नवीन ग्राहक' कोण आणि ऑफर कोणत्या भागाला, या किमतीशेजारी किमतीच्याच टंकात छापाव्यात. आणि पैसे घेतल्यानंतर कुणाला अपात्र ठरवता येऊ नये. पात्रता तपासायची तर आधी तपासा. चौथी, भाषेच्या पॅकला प्रदेशाची अट लावू नये. मराठी पॅक निपाणीला, कन्नड पॅक जतला, तेलुगू पॅक सोलापूरला त्याच दराने आणि त्याच सवलतीने मिळावा. उपग्रहाला त्यासाठी एक इंचही हलावे लागणार नाही.

हे अशक्य आहे असे कुणी सांगितले तर त्यांना सरकारी छत्री दाखवा. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झालेली आजची डीडी फ्री डिश दरमहा पैसे घेत नाही आणि पिनकोडही विचारत नाही. तिच्यावर मराठी सह्याद्री निपाणीतही दिसते आणि कन्नड चंदना कागलमध्येही.

आईचे शिक्षण मराठी चौथी. चष्मा लावून, बोट ठेवून, ओठ हलवत ती वाचते. आपण नियम कराल तेव्हा त्याची परीक्षा घ्यायला तज्ज्ञ समिती नेमू नका. ते एक पान निपाणीला पाठवा. आईला ते स्वतः वाचता आले आणि वाचून झाल्यावर आत कुठे छाट निघाली नाही, तर नियम झाला.

आपला नम्र,
एक ग्राहक
निपाणी, जि. बेळगाव, पिन ५९१२३७